कार्डाची चोरी, नावाची चोरी

क्रेडिट कार्डाची फसवणूक आणि ओळखचोरी हे गुन्हे एकाच घरातले असले तरी त्यांचा स्वभाव वेगळा आहे. कार्डाच्या फसवणुकीत चोराला कार्डावरचा क्रमांक, मुदतीची तारीख, मागचे तीन आकडे आणि बहुतेक वेळा एक ओटीपी एवढेच लागते. त्या कार्डावर तो खरेदी करतो आणि कार्ड बंद झाले की त्याची वाट तिथेच बंद होते. ओळखचोरीत चोर माणसाचे नाव, जन्मतारीख, पत्ता, पॅन, आधार आणि मोबाइल क्रमांक गोळा करतो आणि त्या नावाने नवे कार्ड, नवे कर्ज, नवे सिम किंवा नवे बँक खाते उघडतो. पहिला गुन्हा मोबाइलवर एसएमएस वाजला की काही मिनिटांत कळतो. दुसरा कळायला वर्ष जाऊ शकते. गृहकर्जाचा अर्ज नामंजूर होतो किंवा कधी न घेतलेल्या कर्जाच्या वसुलीचा फोन येतो, तेव्हा कुठे घरात खळबळ उडते. कार्ड रद्द करून नवे घेता येते, पॅन मात्र जन्मभर तोच राहतो. म्हणून पहिल्या गुन्ह्यावरचा इलाज घाईचा आहे आणि दुसऱ्यावरचा चिकाटीचा.

कायद्यात दोन्हींना जागा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 सालचा. त्यात 2008 साली झालेल्या दुरुस्तीने 66क आणि 66ड ही कलमे आली. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळख पटवणारी कोणतीही खूण लबाडीने वापरणे हा 66क खालचा गुन्हा. संगणकाच्या किंवा फोनच्या आधारे दुसराच कोणी असल्याचे भासवून फसवणे हा 66ड खालचा. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर फसवणुकीसाठी जुन्या 420 ऐवजी कलम 318 लावले जाते.

मुंबईच्या उत्तर वेशीवरच्या मीरा-भाईंदरला या गुन्ह्याची दोन्ही टोके पाहायला मिळाली आहेत. ग्रामपंचायतींच्या एकत्रीकरणातून 1985 साली इथे नगरपालिका झाली, 2002 साली महापालिका झाली आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. काशिमीरा नाक्याकडून भाईंदरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा सिल्व्हर पार्क हा याच वाढीतून उभा राहिलेला भाग. इमारतींची दाटी, रोज लोकलने मुंबईला जाणारा नोकरदार वर्ग आणि भाडेकरूंची सतत ये-जा. अशा वस्तीत कागदपत्रांच्या छायाप्रती फार हातांतून फिरतात. भाडेकरार करायचा तर एजंटला आधार आणि पॅन, सोसायटीच्या कार्यालयाला त्याचीच एक प्रत, पोलीस पडताळणीसाठी आणखी एक, गॅसजोडणी आणि इंटरनेटसाठी पुन्हा त्याच प्रती. अकरा महिन्यांनी घर बदलले की हे सगळे पहिल्यापासून. यातला एखादा कागद कुठल्या फायलीत पडून राहिला आणि कुणाच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो उरला, हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसरे टोक, म्हणजे फसवणाऱ्यांचे, 2016 साली समोर आले. 4 ऑक्टोबरच्या रात्री ठाणे पोलिसांनी मीरा रोडमधील कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांना चौकशीसाठी ताब्यात घेतले. त्यांपैकी सुमारे सत्तर जणांना अटक झाली. काम असे चाले: रात्रपाळीला बसलेली तरुण मुले-मुली इंटरनेटवरून अमेरिकेत फोन लावत, आपण तिथल्या करखात्याचे अधिकारी आहोत असे सांगत आणि कर बुडवल्याबद्दल अटकेची भीती घालत. बोलायची वाक्ये लिहून दिलेली असत. घाबरलेल्या माणसाला दुकानात जाऊन गिफ्ट कार्ड किंवा पैसे भरलेले कार्ड विकत घ्यायला लावत आणि त्यावरचा क्रमांक फोनवरच वाचून घेत. क्रमांक हाती आला की पैसे गेले. मुख्य आरोपी म्हणून पोलिसांनी नाव घेतलेला सागर ठक्कर हा एप्रिल 2017 मध्ये दुबईहून मुंबई विमानतळावर उतरताच पकडला गेला.

मीरा रोडच्या छाप्यांनंतर तीन आठवड्यांनी, 27 ऑक्टोबर 2016 रोजी, अमेरिकेच्या न्याय विभागाने अशाच पद्धतीच्या एका मोठ्या कटात एकसष्ट व्यक्ती आणि संस्थांवर आरोपपत्र जाहीर केले. त्यात अहमदाबादची पाच कॉल सेंटरे होती. ते आरोपपत्र वाचले की कार्डाची फसवणूक आणि ओळखचोरी एकमेकींत कशा गुंतलेल्या असतात ते दिसते. घाबरवलेल्या लोकांकडून आलेले पैसे ज्या प्रीपेड कार्डांत वळवले जात, ती कार्डे भलत्याच माणसांच्या चोरलेल्या नावांवर नोंदवलेली होती. म्हणजे एकाचे पैसे जात आणि ते पैसे लपवायला दुसऱ्याचे नाव वापरले जाई. नाव गेलेल्या माणसाला याचा पत्ताही नसे. जुलै 2018 मध्ये या प्रकरणातल्या एकवीस जणांना अमेरिकेत शिक्षा झाल्या, त्यांतली सर्वांत मोठी वीस वर्षांची होती.

फोनवरच्या गोड बोलण्याने परदेशी ग्राहकाचे खाते रिकामे करण्याचा प्रकार महाराष्ट्रात त्याही आधी घडला होता. 2005 साली पुण्यातील एम्फसिस कंपनीच्या कॉल सेंटरमधील काही कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकी ग्राहकांकडून पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील खात्यांत वळवले. या प्रकरणात संगणक फोडण्याचे कौशल्य कुणाकडेच नव्हते. विश्वास संपादन करून विचारले आणि समोरच्याने सांगितले, एवढेच झाले. आजही कार्डाच्या फसवणुकीत हीच वाट सर्वांत जास्त चालली जाते.

तरीही सगळा दोष ग्राहकाच्या भोळेपणावर ढकलणे अन्यायाचे आहे. कित्येकदा गळती बँकेच्या किंवा तिच्यासाठी काम करणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत असते. मीरा रोडचे छापे पडले त्याच ऑक्टोबर 2016 मध्ये देशातल्या सुमारे 32 लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे उघड झाले. एटीएमचे जाळे सांभाळणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेसच्या यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर शिरले होते. ज्यांची कार्डे बदलावी लागली त्यांनी कुणालाही काही सांगितले नव्हते. त्यांनी फक्त एटीएममधून पैसे काढले होते. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून 94 कोटींहून अधिक रक्कम गेली. चोरांनी नकली कार्डे बनवून अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून काही तासांत 78 कोटी रुपये काढले आणि दोन दिवसांनी आणखी सुमारे चौदा कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवले. व्यवहाराला मंजुरी देणाऱ्या बँकेच्या यंत्रणेच्या जागी चोरांनी स्वतःची बनावट यंत्रणा उभी केली होती, त्यामुळे खात्यात पैसे आहेत का हा प्रश्न खऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचलाच नाही.

अशा धक्क्यांमधूनच कार्डाभोवतीची कुंपणे उंचावत गेली. इंटरनेटवरच्या खरेदीला दुसरी पडताळणी लागण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2009 पासून आणला. काळ्या पट्टीची कार्डे जाऊन चिपची कार्डे यायला 2018 ची अखेर उजाडली. 2020 पासून कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार, परदेशी व्यवहार आणि नुसते टेकवून होणारे व्यवहार ग्राहकाला स्वतः चालू-बंद करता येतात. ऑक्टोबर 2022 पासून दुकानदार आणि संकेतस्थळांना कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवून ठेवता येत नाही. त्याच्या जागी टोकन म्हणजे पर्यायी क्रमांक ठेवावा लागतो. यातली चालू-बंदची सोय फार मोलाची आहे आणि फार कमी वापरली जाते. परदेशातल्या अनेक संकेतस्थळांवर ओटीपी विचारलाच जात नाही, तिथे कार्डावरचे आकडे पुरतात. ज्याला परदेशी खरेदी करायची नाही त्याने बँकेच्या ॲपमध्ये ते एक बटण बंद ठेवले, तर चोरीचा एक मोठा दरवाजा कायमचा लागतो.

ओटीपीचे कुंपण आल्यावर चोरांनी मोर्चा मोबाइल क्रमांकाकडे वळवला. सिमची अदलाबदल हा त्यातला सर्वांत भयंकर प्रकार. चोर ग्राहकाच्या कागदपत्रांच्या आधारे नवे सिम काढतो. खऱ्या ग्राहकाच्या फोनवरचे नेटवर्क जाते आणि सगळे ओटीपी चोराकडे जाऊ लागतात. डिसेंबर 2018 मध्ये माहीमच्या एका व्यापाऱ्याच्या फोनवर रात्री उशिरा सहा मिस्ड कॉल आले, सिम बंद पडले आणि खात्यातून 1 कोटी 86 लाख रुपये निघून गेले. आता सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास त्यावर एसएमएस बंद ठेवले जातात, आणि 1 जुलै 2024 पासून सिम बदलल्यानंतर सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. तरीसुद्धा आजूबाजूच्या सगळ्यांच्या फोनला नेटवर्क आहे आणि आपल्याच फोनला तासभर नाही, असे झाले तर दुसऱ्याच्या फोनवरून मोबाइल कंपनीला आणि बँकेला विचारणे हाच शहाणपणा.

अलीकडचा प्रकार फाइल पाठवण्याचा आहे. वाहतुकीचे चलन, लग्नाची पत्रिका, वीजबिलाची थकबाकी किंवा केवायसीची मुदत अशा कोणत्याही नावाने व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाइल येते. ती उघडून बसवली की फोनमधले एसएमएस चोराला दिसू लागतात आणि ओटीपी विचारण्याचीही गरज उरत नाही. ओटीपी कुणाला सांगू नये हे आता बहुतेकांना पाठ झाले आहे. न सांगताही तो जाऊ शकतो हे अजून घराघरांत पोहोचलेले नाही.

फसवणूक झाल्याचे कळताच पहिले काम कार्ड बंद करण्याचे. बँकेच्या ॲपमध्ये ते काही सेकंदांत होते. ॲप नसेल तर कार्डाच्या मागे छापलेला क्रमांक लावावा. इंटरनेटवर शोधून मिळालेला ग्राहक सेवा क्रमांक कधीही वापरू नये, कारण बनावट क्रमांक पेरून ठेवणाऱ्या टोळ्या नेमक्या अशाच घाबरलेल्या माणसाची वाट पाहत असतात. बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता आता बँक डॉट इन या शब्दांनी संपतो. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत हा बदल करायला सांगितले होते. कार्ड बंद झाल्यावर तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवावी. पुढच्या साऱ्या लढ्यात हाच कागद सर्वांत जास्त कामाला येतो.

त्याला लागूनच दुसरा फोन 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल 2021 मध्ये ही व्यवस्था उभी केली. आधी तिचा क्रमांक 155260 होता. तक्रार नोंदली की ती एकाच वेळी पैसे गेलेल्या आणि पैसे पोहोचलेल्या बँकेकडे जाते. चोरीचे पैसे एका खात्यात थांबत नाहीत. तासाभरात ते पाच-दहा खात्यांतून फिरवले जातात आणि शेवटी एटीएममधून किंवा एखाद्या खरेदीतून बाहेर पडतात. जिथे ते अजून पडून असतील तिथेच बँक त्यांना गोठवू शकते. म्हणून इथे पहिल्या तासाला जे मोल आहे ते दुसऱ्या दिवसाला नाही. फोन करताना व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे जवळ असावेत. त्यानंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करून एसएमएस, संदेश आणि पडद्याची छायाचित्रे जोडावीत.

सिल्व्हर पार्कसारख्या भागातल्या रहिवाशाला त्यापुढे पोलिसांकडे जायचे, तर कुठे जायचे हा प्रश्न आता पूर्वीइतका अवघड नाही. 1 ऑक्टोबर 2020 रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि हा भाग ठाणे ग्रामीण पोलिसांकडून त्याच्याकडे आला. आयुक्तालयाची स्वतंत्र सायबर शाखा आहे. पण जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार घ्यावीच लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा हद्दीबाहेर घडला म्हणून नोंद नाकारता येत नाही, आणि ऑनलाइन दिलेल्या तक्रारीवर तीन दिवसांत सही केली की ती नोंदली जाते. पुढे गोठवलेली रक्कम परत मिळवायला बहुतेकदा न्यायालयाचा आदेश लागतो, आणि त्यासाठी तक्रारीचा कागद हवा.

पैसे कुणाचे बुडाले, बँकेचे की ग्राहकाचे, याचा हिशेब रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात घालून दिला, आणि प्रत्येक कार्डधारकाने तो एकदा नीट समजून घ्यावा. चूक बँकेची असेल तर ग्राहकाने कळवले असो वा नसो, त्याची जबाबदारी शून्य. चूक दोघांचीही नसेल, गळती मध्येच कुठे तरी झाली असेल, तर बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्याची जबाबदारी पुन्हा शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवले तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाच्या धारकाला जास्तीत जास्त दहा हजार, त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डावर जास्तीत जास्त पंचवीस हजार सोसावे लागतात. सात दिवस उलटले की प्रश्न बँकेच्या धोरणावर जातो. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादातली रक्कम खात्यात जमा दाखवावी आणि नव्वद दिवसांत निकाल द्यावा. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे.

ओटीपी स्वतः सांगितला असेल तर मात्र नियम कठोर आहे: कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. पण त्याच नियमाची दुसरी बाजू फार थोड्यांना ठाऊक असते. कळवल्यानंतर त्या कार्डावर जो काही व्यवहार होईल त्याचे नुकसान बँकेचे. ओटीपी दिला ही लाज वाटून घरात कुणाला न सांगता रात्र काढणारी माणसे, विशेषतः वयस्कर माणसे, याच रात्रीत आणखी पैसे गमावतात. चूक झाली असली तरी ताबडतोब कळवणे हा त्यांचा हक्क आहे, आणि कुटुंबातल्या लोकांनी ओरडण्याआधी फोन लावून देणे हे त्यांचे काम.

क्रेडिट कार्डाच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो: बिलाचा. फसवणुकीचा व्यवहार बिलात दिसतो, ग्राहक रागाने सगळे बिलच भरत नाही, आणि व्याज व विलंबशुल्क चढत जाते. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या क्रेडिट कार्ड निर्देशांनुसार ग्राहकाने फसवणूक म्हणून आक्षेप घेतलेल्या रकमेवर वाद मिटेपर्यंत कोणताही आकार लावता येत नाही. म्हणून आक्षेप लेखी नोंदवावा आणि बिलातली उरलेली, स्वतःच्या खरेदीची रक्कम वेळेवर भरावी. हेच निर्देश न मागता दिलेल्या कार्डालाही मनाई करतात. तसे कार्ड देऊन बिल लावले तर कंपनीला ते मागे घ्यावे लागते आणि त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून द्यावी लागते. कुणी तरी नावावर परस्पर काढलेल्या कार्डाशी भांडताना हे कलम उपयोगी पडते.

बँकेने तक्रार फेटाळली किंवा तीस दिवसांत उत्तरच दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. 12 नोव्हेंबर 2021 पासून बँका आणि वित्तसंस्थांसाठी एकच लोकपाल योजना आहे. लोकपालाचा निर्णयही अंतिम नसतो, हे महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने दाखवले. ऑक्टोबर 2022 मध्ये मुंबईतील एका औषध कंपनीच्या बँक ऑफ बडोदामधील खात्यातून सुमारे 76 लाख 90 हजार रुपये गेले. खात्याला नवे लाभार्थी जोडले गेले, पण त्याचे ओटीपी कंपनीच्या फोनवर आलेच नव्हते. लोकपालाने तक्रार फेटाळली. जून 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 2017 च्या परिपत्रकाचाच आधार घेऊन कंपनीची काही चूक नाही असे ठरवले आणि बँकेला पूर्ण रक्कम व्याजासह परत करायला सांगितले.

याहून कमी माहितीचा मार्ग म्हणजे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढचा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 46 खाली ते निवाडा अधिकारी असतात आणि पाच कोटींपर्यंतचे दावे ऐकू शकतात. 2013 साली महाराष्ट्रात याच मार्गाने एक महत्त्वाचा निर्णय आला. पुण्यातील एका उद्योगाने बनावट ईमेलला उत्तर दिले होते आणि त्याच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून 80 लाखांहून अधिक रुपये गेले होते. चूक ग्राहकाचीही होती. तरी पैसे ज्या खात्यांत गेले ती बँकेने पुरेशी पडताळणी न करता उघडली होती, म्हणून बँकेला 45 लाख रुपये द्यायचा आदेश झाला. ग्राहक चुकला म्हणून बँक आपोआप निर्दोष ठरत नाही, हा विचार या निकालात स्पष्ट आहे आणि तो न्याय्य आहे. बनावट कागदांवर खातीच उघडली गेली नाहीत, तर चोरीचे पैसे जाणार कुठे?

या खात्यांच्या मागेच ओळखचोरी उभी असते. चोरीचा पैसा वळवायला टोळ्यांना खाती लागतात. काही लोक थोड्या पैशांसाठी स्वतःचे खाते भाड्याने देतात आणि आरोपी होतात; काहींच्या नावाने त्यांच्या नकळत खाते उघडले जाते आणि अचानक दूरच्या राज्यातल्या पोलिसांची नोटीस येते. दुसरा प्रकार कर्जाचा. ॲपवरून मिनिटांत मिळणाऱ्या छोट्या कर्जांना पॅन, आधार आणि एक सेल्फी पुरतो, आणि त्यांच्या पडताळणीत जितकी घाई, तितकी चोराला सोय. तिसरा कराचा: एखाद्याच्या पॅनवर वस्तू व सेवा कराची नोंदणी होते, खोटी बिले फाडली जातात आणि महिना पंधरा-वीस हजार कमावणाऱ्याला लाखोंच्या कराची नोटीस येते.

हे वेळीच कळावे यासाठी काही ठिकाणी अधूनमधून डोकावावे लागते. देशात सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार पतमाहिती कंपन्या आहेत, आणि 2017 पासून प्रत्येकीला वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. चौघींचे अहवाल एकदम न मागवता दर तीन महिन्यांनी एकेकीचा मागवला, तर वर्षभर फुकट पहारा राहतो. अहवालात न घेतलेले कर्ज जितके महत्त्वाचे, तितकीच कर्जासाठी झालेली अनोळखी चौकशी. अनेकदा चोरीची पहिली खूण तीच असते. आयकर संकेतस्थळावरच्या वार्षिक माहिती विवरणात पॅनवरचे मोठे व्यवहार दिसतात. दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहता येते आणि अनोळखी सिम तिथूनच बंद करायला सांगता येते. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आधार कुठे कुठे तपासला गेला याची नोंद असते, आणि बोटांचे ठसे व डोळ्यांची ओळख कुलूपबंद करायची सोयही असते.

आधारच्या छायाप्रतींबाबत मे 2022 मध्ये प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने एक सूचना काढली होती: प्रत कुणालाही देऊ नका, पहिले आठ आकडे झाकलेले आधार द्या. गैरसमज होईल म्हणून ती दोन दिवसांत मागे घेतली गेली. सूचना गेली तरी आकडे झाकलेल्या आधारची सोय तशीच आहे, आणि घरमालकाला, एजंटला किंवा हॉटेलात देण्यासाठी ती पुष्कळ झाली. पूर्ण प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवे लिहावे: अमुक कामासाठी, अमुक तारखेला. ज्या प्रतीवर सिल्व्हर पार्कमधल्या भाडेकरारासाठी असे लिहिले आहे, ती कर्जाच्या अर्जाला जोडणे चोराला जड जाते.

ओळखचोरी उघड झाली की पत्रव्यवहाराचा मारा सुरू करावा लागतो. आधी 66क खाली पोलीस तक्रार, कारण तिच्या प्रतीशिवाय कुणीच पुढे बोलत नाही. मग ज्या बँकेने किंवा कंपनीने कर्ज दिले तिला लेखी कळवून कर्जाचा अर्ज, जोडलेली कागदपत्रे, सेल्फी आणि पैसे गेलेल्या खात्याचा तपशील मागावा. फोटो दुसऱ्याचाच निघतो किंवा पत्ता कधी न पाहिलेल्या गावाचा निघतो, आणि तिथेच निम्मी लढाई जिंकली जाते. त्याच दिवशी पतमाहिती कंपनीकडे ती नोंद वादग्रस्त म्हणून दाखल करावी. एप्रिल 2024 पासून अशी तक्रार तीस दिवसांत मिटली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी तक्रारदाराला शंभर रुपये भरपाई मिळते. वसुलीवाल्यांचे फोन या काळात येत राहतात. त्यांना तक्रार क्रमांक सांगून पुढचे लेखीच बोला म्हणावे, आणि शांतता हवी म्हणून शेपाचशेचा हप्ता भरण्याच्या मोहात मुळीच पडू नये. एक हप्ता भरला की कर्ज मान्य केल्यासारखे होते.

कर्ज रद्द झाल्यावर कंपनीकडून तसे पत्र घ्यावे: हे कर्ज संबंधित व्यक्तीने घेतलेले नव्हते आणि तिच्याकडे कोणतीही बाकी नाही. नुसते खाते बंद झाल्याची नोंद पुरत नाही, कारण अहवालात ते तडजोडीने बंद झालेले कर्ज म्हणून राहू शकते आणि पुढच्या कर्जाच्या वेळी आडवे येते. 2025 च्या सुरुवातीपासून बँका निदान पंधरवड्याला पतमाहिती पाठवतात, त्यामुळे महिना-दीड महिन्याने चारही कंपन्यांचे अहवाल पुन्हा मागवून ती नोंद प्रत्येकीकडून गेली का हे पाहावे. एखादीकडे राहिलीच असेल तर त्याच पत्राची प्रत जोडून तिच्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो.